३४ मीटरची लाट आणि फोनचा अलार्म : जपानच्या कुरोशिओ गावात काय चाललंय?

'५ जुलैला जपानमध्ये प्रलय' ही रील २०२५ मध्ये तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. रियो तात्सुकी या चित्रकार बाईंच्या एका मांगा कॉमिकमधलं स्वप्न, एवढाच त्याचा आधार. तेवढ्यावर हाँगकाँगच्या लोकांनी सहली रद्द केल्या, विमान कंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या. ५ तारीख आली आणि गेली. मग ३० जुलैला रशियाच्या कामचाट्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामीचे इशारे वाजले आणि लगेच 'बघा, म्हटलं नव्हतं?' वाल्या रील्स सुरू झाल्या. तारीख चुकली, देश चुकला, पण भाकीत बरोबर! असो.

भूकंप अमुक दिवशी होणार हे सांगणारं तंत्रज्ञान आज जगात कुणाकडेच नाही. मग जपानकडे नेमकं आहे तरी काय? ते समजून घ्यायला मला मोठ्या टोकियोपेक्षा छोटं कुरोशिओ जास्त उपयोगी वाटतं.

शाळेच्या भूगोलात 'कुरोशिओ प्रवाह' वाचलेला आठवतोय? त्याच उष्ण सागरी प्रवाहावरून या गावाचं नाव पडलं. शिकोकू बेटावर, कोची प्रांतात, पॅसिफिकला तोंड करून बसलेलं हे गाव. २००६ मध्ये ओगाता आणि सागा ही दोन गावं एकत्र करून ते तयार झालं. वस्ती साधारण १० हजार, आणि दर १० माणसांत चारांहून जास्त जण ६५ च्या पुढचे. सागाचे मच्छीमार गळ टाकून बोनिटो मासा पकडतात. इरिनोच्या वाळूवर १९८९ पासून टी-शर्टांचं प्रदर्शन भरतं, दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखे शर्ट वाऱ्यावर उडत असतात. एकूण काय, निवांत कारभार.

३१ मार्च २०१२ ला सरकारी तज्ज्ञ समितीचा अंदाज आला. दक्षिणेकडच्या नानकाई खंदकात सगळ्यात मोठा भूकंप झाला तर कुरोशिओत ३४.४ मीटरपर्यंत लाट येऊ शकते. देशात सगळ्यात उंच. म्हणजे दहा-अकरा मजली इमारत. आणि पहिलं पाणी यायला काही मिनिटंच.

इथे एक गोष्ट झाली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आकडा ऐकून लोक पळायला शिकले नाहीत, अनेक म्हाताऱ्या माणसांनी आशाच सोडली. ३४ मीटर? मग पळून तरी काय उपयोग, आपण घरातच बरे. डेटा बरोबर होता, पण माणसापर्यंत पोचताना त्याचा अर्थच उलटा झाला.

आता थोडं टेक्निकल. भूकंपाच्या दोन मुख्य लहरी निघतात. पी लहर वेगवान पण सौम्य, एस लहर हळू पण जास्त नुकसान करणारी. सेन्सर पी लहर पकडतात, कॉम्प्युटर अंदाज काढतो आणि एस लहर पोचायच्या आत फोन ओरडतो. जपानमध्ये हे सर्वसामान्य लोकांसाठी ऑक्टोबर २००७ पासून सुरू आहे. मेसेज एसएमएससारखा एकेका नंबरला जात नाही. मोबाईल टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदाच 'ओरडून' सांगतो, म्हणून नेटवर्क तुंबलं तरी तो पोचतो, इंटरनेटही लागत नाही. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. २०२३ मध्ये आपल्याकडे फोन अचानक जोरात वाजून सरकारी टेस्ट मेसेज दिसला होता ना, तंत्र तेच.

पण केंद्र अगदी जवळ असेल तर हादरा आधी बसतो आणि इशारा नंतर येतो. त्यावर कुठलंही अपडेट येणार नाही, ते भौतिकशास्त्र आहे.

त्सुनामीचा इशारा वेगळा. हवामान संस्था भूकंपानंतर साधारण तीन मिनिटांत पहिला अंदाज देते. २०११ मध्ये तिथेच घोळ झाला. तीव्रता आधी ७.९ मोजली गेली, प्रत्यक्षात ती ९.० होती. त्यामुळे इवाते प्रांताला पहिला इशारा गेला ३ मीटरचा. समुद्रावरची भिंत पुरेल असं अनेकांना वाटलं. आकडा वाढवून सांगेपर्यंत मोलाची मिनिटं गेली होती. म्हणून २०१३ पासून नियम बदलला: भूकंप अवाढव्य असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा देतच नाहीत, नुसतं 'प्रचंड' असं सांगतात. नोटिफिकेशन पाठवणाऱ्या सिस्टीमवर काम करणारा माणूस म्हणून सांगतो, अचूक दिसणारा पण कच्चा आकडा काढून टाकायला फार धाडस लागतं.

अंदाज लवकर पक्का व्हावा म्हणून कोचीपासून पश्चिमेकडच्या समुद्रतळावर एन-नेट नावाचं केबलचं जाळं टाकलंय. ३६ ठिकाणी भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आहेत. लाट वरून गेली की पाण्याचं वजन बदलतं, ते तळाशी कळतं. हे काम २०२५ मध्ये पूर्ण झालं.

म्हणजे मिनिटं मिळाली. पण त्या मिनिटांत आजी जिना कशी चढणार? हे काम गावाने स्वतः अंगावर घेतलं. नगरपालिकेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कर विभागातला का असेना, एकेक वस्ती वाटून दिली. शेजारच्या घरांचे छोटे गट बसवून पाण्याखाली जाणाऱ्या भागातल्या घराघराचं कार्ड भरलं: घरात कोण, चालता येतं का, कुठे जाणार, किती वेळ लागणार. सागामध्ये २५ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याला जिन्याबरोबर उताराची वाटही आहे, व्हीलचेअरसाठी. ज्यांना तिथवर जाणं जमतच नाही, त्यांनी निदान अंथरुणापासून घराच्या दारापर्यंत यायचा सराव करायचा. दारात माणूस दिसला तर शेजारी हात देऊ शकतात.

क्योटो विद्यापीठाच्या कात्सुया यामोरी यांच्या गटाने बनवलेलं निगेतोरे हे ॲप मला भारी वाटलं. तुम्ही फोन घेऊन खरोखर चालायचं, जीपीएस तुमची वाट नोंदवतं आणि नकाशावर त्याच वेळी सिम्युलेशनमधलं पाणी चढत येतं. शेवटी कळतं, वाचलात की नाही. ३४ हा आकडा तुम्हाला काही करायला सांगत नाही, 'दोन मिनिटं आधी निघा' हे सांगतं.

८ ऑगस्ट २०२४ ला ह्युगानादा समुद्रात ७.१ चा भूकंप झाला आणि नानकाईबद्दल 'सावध राहा' अशी सूचना इतिहासात पहिल्यांदा निघाली. पुढच्या आठवड्यात महाभूकंपाची शक्यता होती काही शेकड्यांत एक, म्हणजे बहुधा काहीच होणार नाही. कुरोशिओने तरी निवारे उघडले आणि वृद्धांना आधीच हलायला सांगितलं. आठवडा गेला, काही झालं नाही. आपल्याकडे याला 'फेक अलर्ट' म्हटलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३० वर्षांतल्या शक्यतेचा आकडाही बदलला. आधी 'सुमारे ८० टक्के' म्हणत होते. आता दोन पद्धतींचे दोन आकडे दिले जातात: ६० ते ९० टक्के किंवा त्याहून जास्त, आणि २० ते ५० टक्के. कारण कोचीतल्याच मुरोत्सु बंदराच्या जुन्या नोंदींमध्ये किती चूक असू शकते, हे नव्याने हिशोबात धरलं. कुरोशिओचा ३४ मीटरचा आकडा मात्र मार्च २०२५ च्या नव्या सरकारी अंदाजातही तसाच राहिलाय.

आणि गाव तो आकडा लपवतही नाही. २०१४ मध्ये गावाच्या पुढाकाराने डबाबंद अन्नाची कंपनी निघाली. आणीबाणीत ॲलर्जीवाल्यांचे हाल होतात, म्हणून प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ वगळून मासे आणि भाज्यांचे डबे बनतात. त्यातून गावातल्या लोकांना रोजगार मिळाला. ब्रँडचं नाव ठेवलंय '३४एम'.