गाडीतली बॅटरी ऐनवेळी का दगा देते?

उन्हाळ्यातल्या दुपारी कार्ल्याच्या फाट्यावर एकवीरेला जाणाऱ्या गाड्यांबरोबर आपल्या बांधवांचे टेम्पोही उभे दिसतात. कोणी मुंबईहून काचसामान आणलेले असते, कोणी वेल्डिंगची हत्यारे घेऊन बंगल्यांच्या कामावर निघालेला असतो. काचा बंद, दारांना कुलूप. डॅशबोर्डवर हातबॅटरी. रात्री खंडाळ्याच्या घाटात चाक बसले तर हाताशी असावी म्हणून. ती तिथे ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गेल्या मे महिन्यात आम्हीच फसलो. मळवलीच्या अलीकडे रात्री टेम्पो पंक्चर झाला. बटण दाबले, तर काजव्याएवढा उजेड! सेल घालून दोन महिनेही झाले नव्हते. दुकानदाराला मनातल्या मनात बरेच काही बोललो. सकाळी झाकण उघडले, तेव्हा आत पांढरी खार आणि गंजलेली स्प्रिंग. दुकानदार निर्दोष होता.

मावळची हवा थंड, इथे कसली उष्णता, असे कोणी म्हणेल. पण बंद गाडीचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००५ सालच्या अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश असतानाही तासाभरात गाडीच्या आत ४७ अंश झाले. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काच बोटभर उघडी ठेवूनही विशेष फरक पडला नाही. अॅरिझोनाच्या कडक उन्हात २०१८ साली झालेल्या मोजणीत डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला होता.

आता सेलचे पाहा. साध्या सेलचे जस्ताचे डबडे हीच त्याची एक बाजू असते, वीज देता देता ते झिजते. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, सेल वापराविना उतरतो आणि शेवटी फुटून गळतो. अल्कलाइन सेलमधून गळणारा क्षार तर कातडीला आणि डोळ्यांना घातक. तो उघड्या हाताने पुसू नये आणि त्या हाताने मुलांना तर मुळीच घेऊ नये.

हल्लीच्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांत लिथियम-आयन सेल असतो. तो पूर्ण भरून तापत ठेवला की त्याची ताकद कायमची घटते, पुन्हा चार्ज करूनही ती परत येत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तो चार्जही करू नये. म्हणजे उन्हात तापलेल्या टेम्पोतच वायर लावणारे आपले मित्र दुहेरी नुकसान करतात. फुगलेला सेल तर वापरूच नये.

मग करायचे काय? बॅटरी थैलीत घालून सोबत न्यावी. गाडीतच ठेवायची झाली, तर सीटखाली सावलीत, सेल बाहेर काढून कापडात गुंडाळून ठेवावी. महिन्यातून एकदा उघडून पाहावी.

विक्रेत्यांनाही आमचे सांगणे आहे. सेलची खोकी दिवसभर उन्हातल्या टेम्पोत तापली असतील, तर तो माल ताज्या मालाच्या भावाने गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. ऐब सांगून, भाव कमी करून द्या. सेलवर छापलेली मुदत ही थंड जागेत ठेवलेल्या मालाची असते. बाजारात ताडपत्रीची सावली आधी सेलच्या खोक्यांवर धरा, प्लास्टिकच्या बादल्या उन्हात राहिल्या तरी चालतील.