लसूणघासाच्या रानात सतार



गेल्या पंधरवड्यात आमच्या भजनी मंडळाचा पखवाज भिजला. सप्ताहाचा मांडव एका बाजूनं गळत होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहाटे काकड्याला बसलो तेव्हा पखवाजाचं कातडं पार ओलं झालेलं. थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. आमचे पखवाजीबुवा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. गोठ्यातला बैल आजारी पडल्यावर माणूस जसा उंबऱ्यात बसून राहतो, तसे बसले होते. त्यांची समजूत घालताना मी त्यांना सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. तुम्हाला ती जवळची वाटेल, कारण ती घडली एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात.

साल 1969. माणूस चंद्रावर उतरला त्याला महिनाही झाला नव्हता. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरापासून शंभरेक मैलांवर बेथेल नावाचं खेडं आहे. तिथं मॅक्स यासगर हा शेतकरी राहत होता. त्याच्या गोठ्यात शेकड्यांनी गाई, त्यातल्या बऱ्याचशा गर्नसी, म्हणजे आपल्या ओळखीच्या जर्सीच्याच भावकीतल्या. दुधाची स्वतःची डेअरी होती आणि घरोघर दूध पोचवणाऱ्या गाड्या होत्या. त्या उन्हाळ्यात तिकडं पाऊस फार झाला. कापलेला चारा वाळेना, आणि वाळला नाही तर हिवाळ्यात गाईंना घालायचं काय? चारा विकत घ्यायची पाळी आली. आता तिकडचं काय आणि इकडचं काय, चारा विकत घ्यायचा म्हटलं की घरधन्याची झोप उडतेच.

अशा वेळी काही तरुण मंडळी त्याच्याकडं आली. तीन दिवसांचा गाण्याबजावण्याचा मेळा भरवायचा होता. आधी ठरलेल्या जागेवर तिथल्या गावानं मना केलं होतं आणि हातात महिनाभरच उरला होता. यासगरचं लसूणघासाचं उताराचं रान त्यांच्या मनात भरलं. भाडं ठरलं. गावात बोंब झाली. याचं दूध घेऊ नका, अशा पाट्या लागल्या. यासगर तापट नव्हता, पण पाटी वाचून त्याचा निश्चय पक्का झाला म्हणतात. आपल्यातही अशी माणसं असतात. नको म्हणून कुणी दटावलं की मग ती हटत नाहीत.

तो मेळा म्हणजे वुडस्टॉक. 15 ऑगस्टला, शुक्रवारी सुरू झाला. तिकिटं पावणेदोन लाखांच्या वर खपली होती आणि आले चार लाखांच्या वर. कुंपण पुरं व्हायच्या आतच माणसं रानात शिरली, तेव्हा तिकीट मागणार कोण आणि कुणाला? मैलोन् मैल मोटारी अडकल्या. कलावंतांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात जी गर्दी असते, तशी गर्दी एका शेतकऱ्याच्या बांधात कोंबली तर काय होईल, ते डोळ्यांपुढं आणा. शिवाय वारीला शिस्त असते, दिंड्यांना नंबर असतात. इथं तसलं काही नव्हतं.

त्या पहिल्याच रात्री, दहाच्या सुमारास, आपले पंडित रविशंकर सतार घेऊन मंचावर आले. तबल्याला उस्ताद अल्लारखा, आणि तंबोऱ्यावर माया कुळकर्णी. नाव वाचून मी क्षणभर थांबलो, तुम्हीही थांबला असाल. अल्लारखा म्हणजे झाकीर हुसेन यांचे वडील. जम्मूकडच्या एका खेड्यात जन्मलेले, तबल्याच्या वेडापायी पोरवयात घर सोडलेले आणि पुढं मुंबईकर झालेले. त्या दिवशी ते 50 वर्षांचे, रविशंकर 49 चे आणि यासगरही 49 चा. तिघंही एकाच पिढीतले, आणि समोर बसलेली सगळी पोरं त्यांच्या लेकरांच्या वयाची.

वाजवायला बसले आणि पाऊस आला.

आता थोडं वाद्याचं सांगतो, म्हणजे पावसाचं संकट ध्यानात येईल. सतारीच्या पोटाशी असतो तो खरा भोपळा. खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा, वेलावरच पिकवून महिनोन् महिने सुकवलेला. आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्या सतारी आणि तंबोरे घडतात, त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानातून येतात. त्या मिरजेच्या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रविशंकरांच्या सतारी कलकत्त्याचे कारागीर नोडू मलिक घडवत, पण भोपळा तो भोपळाच. दमट हवेत लाकूड आणि भोपळा ओल ओढतात, खुंट्या सरकतात आणि लावलेल्या तारा उतरतात. वर वाजवायच्या तारा थोड्या, त्यांच्याखाली तरफांच्या डझनभर. एक उतरली तरी कानाला खुपते. तबल्याचं याहून नाजूक. वर बकरीचं कातडं आणि त्यावर लोहचूर कालवून घोटलेली शाई. ओल लागली की कातडं सैल होतं. मग हातोडीनं गट्टे ठोकून सूर चढवायचा, आणि दोन आवर्तनं झाली की पुन्हा उतरलेलाच.

अशा हवेत त्या दोघांनी वाजवलं. झपतालात तबला झाला, शेवटी केरव्यातली धून झाली. केरवा म्हणजे आपल्या भजनाचाच ठेका हो! चिखलात बसलेल्या लाखो परदेशी पोरांपुढं, अंधारात, वरून पाऊस पडत असताना तो वाजला.

तुम्ही म्हणाल, टाळ्या पडल्या असतील. पडल्या. पण रविशंकरांचं मन त्यात रमलं नाही आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पोरं नशेत होती, गाणंबजावणं त्यांना निमित्तापुरतं होतं, असं त्यांनी पुढं स्पष्ट सांगितलं. तो चिखल आणि त्यात लोळणारी माणसं पाहून त्यांना आपल्याकडच्या डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या! मला यात म्हशींचा अपमान झाल्यासारखं वाटतं, पण ते असो.

त्यांच्या मनातली सल खरं तर दोन वर्षं जुनी होती. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरी गावी असाच शुक्रवार ते रविवार मेळा झाला होता. रविवारची दुपार सबंध रविशंकर आणि अल्लारखा यांच्यासाठी राखून ठेवली होती. दोघांनी काही तास वाजवलं. माणसं शांत बसून ऐकत होती आणि शेवटी सगळी उभी राहिली. परमुलखात याहून मोठं सुख कलावंताला कोणतं? पण त्याच मेळ्यात एका मंडळीनं आपली वाद्यं मंचावर आपटून फोडली, आणि जिमी हेंड्रिक्स या गुणी वादकानं आपल्या गिटारीला काडी लावली. लोक आनंदानं ओरडले. रविशंकर मात्र कळवळले. वाद्याला आपण देव मानतो, त्याला पाय लागला तर नमस्कार करतो, आणि हे काय, असं त्यांना झालं.

तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खंडेनवमीला नांगर, कुळव, पाभर धुऊन त्यांना हळदकुंकू वाहणारी आपण माणसं. घरातल्या माउल्या जात्याला आणि उखळालासुद्धा पाय लागू देत नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याला काडी लावायची हे आपल्या डोक्यातच येणार नाही. हेंड्रिक्सची बाजूही असेल. आपली आवडती चीज आपण होमात टाकली, असं त्याच्या मनात असेल. पण मला विचाराल तर मी रविशंकरांच्या बाजूचा.

वुडस्टॉकनंतर रविशंकर असल्या मेळ्यांपासून लांब राहिले. वाजवणं सोडलं नाही, तरुण पोरांशी मैत्रीही तोडली नाही. जॉर्ज हॅरिसन हा बीटल्समधला गायक 1966 साली मुंबईला येऊन त्यांच्याकडं सतार शिकला होता. तो शेवटपर्यंत त्यांचा जिवलग राहिला. 1 ऑगस्ट 1971 ला, रविवारी, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोघांनी मिळून न्यूयॉर्कला दोन मैफली केल्या. तेव्हाही तबल्यावर अल्लारखाच होते. पण त्या मैफली छपराखाली होत्या, आणि धूम्रपान करू नका असं रविशंकरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

आता यासगरकडं परत येऊ, त्याला आपण पावसात सोडलंय. शेजारीपाजारी तहानलेल्या पोरांना पाणी विकताहेत, हे कळल्यावर तो संतापला. त्यानं पाणी फुकट दिलं, डेअरीतलं दूधही वाटलं. रविवारी त्याला मंचावर बोलावलं. मी शेतकरी माणूस, वीसजणांपुढंही बोलायची मला सवय नाही, अशी सुरुवात करून तो त्या पोरांशी चांगलं बोलला. पण सगळं गोडच झालं असं नाही. शेजारच्या रानात झोपलेला सतरा वर्षांचा एक पोरगा ट्रॅक्टरखाली सापडून गेला. पिशवीत गुरफटून झोपला होता, चालवणाऱ्याला दिसला नाही. एकजण नशेपायी गेला. आपल्याकडंही सुगीत रानात आडवं होणारे कमी नाहीत. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी भोवती एक फेरी मारून बघत चला.

मेळा उठला. मागं चिखल, कचरा आणि तुडवलेला लसूणघास राहिला. नुकसानीपोटी यासगरला 50,000 डॉलर मिळाल्याचं तेव्हा छापून आलं, पण शेजाऱ्यांनी त्याच्यावरच दावे ठोकले. पुढच्या वर्षी पुन्हा रान मागायला माणसं आली. तो नाही म्हणाला. मला माझी डेअरी चालवायचीय, म्हणाला. हृदय आधीपासून दुखणाईत होतं. 1971 मध्ये त्यानं शेती विकली, तो गरम हवेच्या फ्लोरिडाला गेला आणि फेब्रुवारी 1973 मध्ये तिथंच वारला. वय 53.

रविशंकर 2012 पर्यंत जगले आणि अखेरच्या महिन्यापर्यंत वाजवत होते. बेथेलच्या त्या रानाजवळ 2008 पासून वुडस्टॉकचं संग्रहालय आहे. लोक लांबून येतात, उतारावर उभे राहून फोटो काढतात. गवत राखलेलं आहे. गाई नाहीत.

आमचे पखवाजीबुवा हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग अल्लारखांनी पुडी बदलली का?" मला ते सांगता आलं नाही. त्यांनी आपला पखवाज मात्र पंढरपूरला पाठवलाय.