मतदानाची सुट्टी: कारखान्याला की कामगाराला?

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ला झाले आणि त्या दिवशी गुरुवार होता. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. सरकारने जाहीर केलेली सुट्टी आणि नेहमीची सुट्टी एकमेकींवर पडल्या. मालकवर्गाला हे बरेच झाले, उत्पादनाचा दिवस वाचला. कामगारांना मात्र हक्काची एक सुट्टी पाण्यात गेल्यासारखे वाटले. या दोघांच्या पलीकडचा तिसरा माणूस म्हणजे चिखलीत किंवा मोशीत राहून चाकणच्या एखाद्या छोट्या व्हेंडरकडे लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत कामाला जाणारा. त्याचे घर महापालिकेच्या हद्दीत आणि शेड हद्दीबाहेर. शेडला गुरुवारची सुट्टी नसेल, तर ही सुट्टी आपली आहे की नाही हे त्याने कोणाला विचारायचे?

कायदा वाचला तर उत्तर सोपे दिसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १३५ ब १९९६ साली आले. लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या प्रत्येक नोकरदाराला भरपगारी सुट्टी द्यावी, मजुरीत कपात करू नये, रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाचा रोज मिळावा, असे ते सांगते. सूट एकच आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्या कामाला हे लागू नाही. मोडणाऱ्याला दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत. चाकणच्या मध्यम कारखान्यात एका शिफ्टच्या चहाला याहून जास्त खर्च येतो. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका मात्र या कलमात बसत नाहीत. तिथे दर वेळी सरकारचा आदेश निघतो, त्यात पूर्ण दिवस शक्य नसेल तर काही तासांची सवलत द्या असे म्हटलेले असते, आणि त्या ‘शक्य नसेल’चा अर्थ ज्याच्या हातात हजेरीपट असतो तो लावतो.

उद्योजकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चाकणमध्ये मोटारी जोडणाऱ्या मोठ्या कंपन्या सुटे भाग साठवून ठेवत नाहीत; ते तासांच्या हिशेबाने येतात. एक लाइन थांबली की तिच्यामागे तळवडे, भोसरी, म्हाळुंगेतल्या कितीतरी शेड थांबतात. उष्णता प्रक्रियेची भट्टी किंवा पेंट शॉप एका दिवसासाठी बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. त्यात निवडणुका एका तारखेला होत नाहीत. चाकण नगरपरिषदेचे मतदान २ डिसेंबर २०२५ला झाले, पिंपरी-चिंचवडचे १५ जानेवारीला, आसपासच्या गावांतले जिल्हा परिषदेचे फेब्रुवारीत. एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या तीन माणसांचे मतदानाचे दिवस तीन वेगवेगळे. तिन्ही वेळा कारखाना बंद ठेवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

शिवाय सुट्टी दिली म्हणून मत पडतेच, असेही नाही. चिंचवडची पोटनिवडणूक २६ फेब्रुवारी २०२३ला, रविवारी झाली. मतदान निम्म्याच्या आसपास रेंगाळले. १३ मे २०२४ला, सोमवारी, मावळ लोकसभेसाठी मतदान झाले आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली. आकडा पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहिला. त्याच वर्षी विधानसभेसाठी निवडणूक आयोगाने बुधवार, २० नोव्हेंबर निवडला. शहरी मतदाराने जोडसुट्टी साधून लोणावळा-महाबळेश्वर गाठू नये, हा हेतू आयोगाने उघड बोलून दाखवला होता. या वेळी चिंचवडचा आकडा पोटनिवडणुकीपेक्षा वर गेला. पोटनिवडणूक आणि सार्वत्रिक निवडणूक यांची तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरी सुट्टी आणि मत यांच्यात सरळ दोरी बांधलेली नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

मग सुट्टी काढून टाकावी आणि दोन-तीन तासांची सवलत पुरे म्हणावे का? इथे मी उद्योजकांपासून वेगळा होतो. लोणावळ्याला जाणारा आणि फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस पकडणारा हे दोन वेगळे मतदार आहेत, आणि पहिल्याच्या आळसाची शिक्षा दुसऱ्याला देण्यात अर्थ नाही. तासांची सवलत कागदावर बरी दिसते. पण चाकण-तळेगाव चौकातली वाहतूक ज्याने पाहिली आहे, त्याने हिशेब करून पाहावा. कारखान्यातून निघायचे, नाशिक रस्त्याने मोशी-भोसरी गाठायची, रांगेत उभे राहायचे, परत यायचे. महापालिकेच्या मतदानाची वेळही सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाचची होती. प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाने चार मते द्यायची. चारही बटणे दाबून झाल्याशिवाय मतदान पुरे होत नाही. रांग साहजिकच हळू सरकते. साडेपाचच्या ठोक्याला जो आवारात रांगेत असेल त्याला मत देता येते, पण त्यासाठी आधी आवारात पोहोचायला हवे. जनरल शिफ्ट संपवून बसने येणाऱ्याला ते जमत नाही.

आणखी एक भेद आहे. पर्मनंट कामगाराला सुट्टी मिळते, युनियन असेल तर मागूनही घेता येते. कंत्राटी माणसाला ‘येऊ नको’ म्हणतात आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. सुट्टी मिळाली, रोज गेला. लोकसभा-विधानसभेच्या वेळी कायद्याने हे सरळ चूक आहे, पण पाचशेच्या दंडासाठी तक्रार करून उद्याचे काम कोण गमावेल?

म्हणून मला वाटते, सुट्टी कारखान्याच्या फाटकाला नव्हे, कामगाराच्या मतदार ओळखपत्राला जोडावी. ज्याचे मत ज्या दिवशी, त्याची भरपगारी रजा त्या दिवशी. लोकसभेच्या वेळी याची गरज स्पष्ट दिसली. लातूरचे मतदान ७ मे २०२४ला होते, मावळ-शिरूरचे १३ला, नांदेड-परभणीचे त्याआधी २६ एप्रिलला. चाकणमध्ये मराठवाड्यातून आलेली मुले हजारोंनी आहेत. लातूरच्या मुलाला १३ तारखेची सुट्टी मिळाली, तेव्हा त्याच्या मतदानाचा दिवस होऊन गेलेला होता. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही त्याच्या मतदानाच्या दिवशी सुट्टी आहे, हे आयोगाने स्पष्ट केलेले आहे. पण ७ मे रोजी चाकणच्या फाटकावर सुट्टीचा फलक असण्याचे कारणच नव्हते.

या उपायाला एक तगडा आक्षेप आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. कारखानाच बंद असला की कामगाराला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. माणसागणिक रजा म्हटली की अर्ज आला, सुपरवायझरची मर्जी आली, ‘आज डिस्पॅच आहे, तू नंतर जा’ आले. त्यामुळे ज्या दिवशी सगळा पट्टाच मतदान करतो त्या लोकसभा-विधानसभेच्या दिवशी कारखाने बंदच राहावेत. स्थानिक निवडणुकांना आणि परजिल्ह्यातल्या मतदारांना ओळखपत्राप्रमाणे रजा मिळावी. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई दाखवल्याशिवाय रजा भरपगारी धरणार नाही, अशी अट सुचवली जाते. सुट्टी फुकट जाऊ नये ही त्यामागची भावना समजते, पण कायद्यात अशी अट नाही, आणि मत न देण्याचा हक्कही मतदाराचाच आहे. शिवाय जानेवारी २०२६च्या महापालिका मतदानात बोटाला लावलेली मार्कर पेनची शाई पुसली जाते म्हणून राज्यभर जो गदारोळ झाला, त्यानंतर तिच्यावर पगार ठरवणे म्हणजे हसे करून घेणे.

‘गावाला कशाला जायचे, नाव इथेच नोंदवा’ असे शहरातले लोक सहज सांगतात. नियमही तसाच आहे: माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचे नाव असावे, दोन ठिकाणी असू नये. खोलीमालक भाडेकरार देत नसेल, तरी प्रत्यक्ष पडताळणी करून नाव घेता येते. पाणी, रस्ता, कचरा याचा त्रास इथे सोसायचा आणि मत तिकडे द्यायचे, यात विसंगती आहेच. पण खरी ओढ दुसरीकडची असते. शेत गावात, आईवडील गावात, रेशनकार्ड गावात, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकीतले एक मत कमी पडले तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते. इथली नोकरी कंत्राट संपेपर्यंतची. अशा माणसाने गावचे नाव कापून इथले लावावे, अशी अपेक्षा करताना त्याला इथे किती काळ टिकू देतो याचाही विचार करावा. नाहीतर दोन्हीकडे नाव राहते, आणि मग महापालिकेच्या यादीत त्याच्या नावापुढे दुबार मतदार म्हणून दोन तारे लागतात. त्यातले काही लबाड असतील. बरेचसे निव्वळ दोन जागी जगणारे आहेत. आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मत घेऊ शकणारे दूरस्थ मतदान यंत्र पाहायला पक्षांना बोलावले होते. पक्षांनी शंका काढल्या, विषय तिथेच राहिला. शंका रास्त होत्या. भोसरीतल्या केंद्रावर बिहारच्या मतदारसंघाचा पोलिंग एजंट कुठून आणणार, एवढा एकच प्रश्न पुरे आहे.

मतदान केंद्रात मोबाइल नेऊ न देण्याचा नियमही या पट्ट्यात विशेष टोचतो. शिफ्ट सुटून थेट आलेल्या माणसाने फोन ठेवायचा कुठे? घरी जाऊन परत यायचे तर रांग गेली. फोन नेऊ द्यावा, ओळखपत्र त्यातल्या डिजिलॉकरवर दाखवू द्यावे, अशी याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली आणि फेटाळली गेली. निकाल मला पटतो. ठेके आणि स्थानिक राजकारण यांची सरमिसळ इथे नवी नाही. लेबर, भंगार, वाहतूक यांची कंत्राटे कोणाकडे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. कंत्राटदाराने ‘फोटो काढून आण’ म्हटले तर त्याच्या हाताखालच्या माणसाला नाही म्हणता येईल का? फोन आत नेता येत नाही, हेच त्याचे कवच आहे. मात्र बंदी घालणाऱ्याने फोन ठेवायची सोयही करायला हवी. मे २०२५ मध्ये आयोगाने केंद्राच्या प्रवेशद्वारापाशी फोन जमा करण्याची व्यवस्था जाहीर केली, ती योग्यच आहे. स्थानिक निवडणुका राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतात. तिथेही तीच सोय हवी.

मोठ्या सोसायट्यांच्या आवारात केंद्रे नेण्याचा प्रयोग २०२४ मध्ये झाला आणि त्यावर बरेच कौतुक छापून आले. वाकड-रावेतच्या लिफ्टमधून उतरून मत देणाऱ्याची सोय झाली तर आनंदच आहे. तेवढाच उत्साह कामगार वस्त्यांत नावे नोंदवण्यात दिसला असता तर अधिक बरे झाले असते.

कंत्राटी कामगाराच्या खाड्याचा प्रश्न तर नवा कायदा न करताही सुटण्यासारखा आहे. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितेतही आहे. मोठ्या कंपन्या कंत्राटदाराचे बिल मंजूर करताना भविष्यनिर्वाह निधीचे चलन तपासतात. त्याच कागदांत मतदानाच्या दिवसाची हजेरी भरपगारी लावली आहे का, एवढे पाहायचे. कामगार उपायुक्तांनी निवडणुकीनंतरच्या महिन्यात चाकणमधल्या काही बिलांची तपासणी केली आणि तिचा निष्कर्ष जाहीर केला, तर पाचशे रुपयांच्या दंडाने जे झाले नाही ते बहुधा होईल.