बालगृहाची किल्ली

बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर भिडे वाडा उभा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा येथेच सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्ण वाडा स्मारकासाठी उतरविण्यात आला. तेथून जवळच असलेल्या ज्या गल्ल्यांचे नाव घेणे सभ्य घरांत टाळले जाते, त्या गल्ल्यांतही मुले वाढतात. त्यांच्या माता देहविक्रयावर जगतात.

अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा आणि वसतिगृहे असावीत, अशी मागणी गौरव जैन या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. १९८९ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. वेगळी शाळा म्हणजे कपाळावर कायमचा शिक्का, हे त्यामागचे कारण. मात्र मुलांनी आईपासून दूर, इतर मुलांत मिसळून वाढावे, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. २०२२ साली त्याच न्यायालयाने, केवळ आईच्या व्यवसायामुळे मुलाची तिच्यापासून ताटातूट करू नये, असे बजावले. न्यायालयाची दृष्टीही काळाबरोबर बदलते, आणि हा बदल स्वागतार्हच आहे.

तरीही या ना त्या कारणाने अनेक मुले बालगृहात येतात. आपल्या राज्यात बहुसंख्य बालगृहे खासगी स्वयंसेवी संस्था चालवितात. मान्यता शासनाची, अनेक ठिकाणी अनुदानही शासनाचे. मूल मात्र संस्थेच्या हाती. सांभाळ असा दुसऱ्यावर सोपविला की उत्तरदायित्वही सोपविले जाते काय?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या एका पत्रातून मिळाले. पत्रकार शीला बर्से यांनी चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या कारभाराविषयी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था उमरखाडी, मानखुर्द येथील निरीक्षणगृहे चालवीत असे. मुलांना पालकांकडे परत पाठविण्याचे आदेश होऊनही ती आत अडकून पडतात, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने ही संस्था राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’च आहे, असे ठरविले. जे बंधन शासनावर, तेच संस्थेवर. ‘आम्ही सेवाभावी आहोत’ हे वाक्य त्या दिवसापासून संस्थांना ढाल म्हणून वापरता येईनासे झाले. निदान तसे व्हायला हवे होते.

परंतु निकाल स्वतः बालगृहात जाऊन मुलांच्या ताटात डोकावू शकत नाही. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहात कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पुढे अशा बालगृहांची पाहणी सुरू झाली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयाने समिती नेमली. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली येथील एका बालगृहातील मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये बालगृहाच्या संचालकाला त्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. त्या मुलींपैकी काहींना ऐकू येत नव्हते, काहींना बोलता येत नव्हते, काहींची समज वयाच्या मानाने कमी होती. नोंदवही, हजेरीपट, हिशेब पाहून निघून जाणाऱ्या अधिकाऱ्याला अशा मुली काय सांगणार? त्यासाठी संस्थेच्या माणसांना बाहेर बसवून, मुलींजवळ खाली बसून, खुणांची भाषा उमगेपर्यंत वाट पाहावी लागते. न्यायालयाने नेमलेल्या माणसाचे बळ त्याच्या अधिकारपत्रात जेवढे, तेवढेच या सवडीत असते. संस्थेचे त्याच्यावर उपकार नसतात आणि त्याचा अहवाल थेट न्यायाधीशांपुढे जातो. कुलाबा आणि मुरूड येथील अँकरेज निवाऱ्यांतील मुलांचे म्हणणेही २००१ मध्ये उच्च न्यायालयाच्याच आदेशाने झालेल्या समितीच्या सदस्यांनी ऐकून घेतले होते. त्या खटल्याचा अंतिम निकाल लागायला २०११ साल उजाडले. दहा वर्षांत बालपण सरून जाते.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने ही देखरेख न्यायालयाच्या हस्तक्षेपाची वाट न पाहता व्हावी, अशी तजवीज केली आहे. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक बालगृहात जायचे. तीन सदस्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. बालकल्याण समितीने दरमहा किमान दोन पाहणीभेटी द्यायच्या. कागदावर यात उणे काढण्यासारखे फारसे नाही.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी वडिलांच्या पुण्यतिथीला किंवा नातवाच्या वाढदिवसाला बालगृहात जेवण देण्याची रीत आहे. काही जण विश्वस्त आहेत. त्या दिवशी अंगण झाडलेले असते, मुले ओळीने बसतात, गाणे म्हणतात, छायाचित्र निघते. देणगीदाराला संस्था दिसते आणि पावती मिळते. एखादा विश्वस्त न कळविता, आडवारी, दुपारी चारच्या सुमारास गेला तर स्वयंपाकघरातील डबे, स्नानगृहाच्या दाराची कडी आणि कोपऱ्यात एकटे बसलेले मूल त्याच्या नजरेस पडेल. एखाद्या व्यवस्थापकाला ते रुचणार नाही. ज्याला मुळीच रुचत नाही, तेथे पुन्हा जावे.

नियमांनुसार प्रत्येक बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी हवी. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते आणि मुलांच्या समितीसमक्ष ती दर आठवड्याला उघडायची असते. पुढच्या भेटीत जेवणाआधी ती पेटी कोठे आहे हे विचारावे, शेवटची कधी उघडली याची नोंद पाहावी. आणि ज्या मुलाला लिहिता येत नाही, त्याची चिठ्ठी कोण लिहून देतो, हेही.