हप्त्याच्या छायेतले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या काळात ती रुळली, त्या काळी घर बांधणे म्हणजे गवंडी, सुतार, दगड-माती आणि पैशांची जुळवाजुळव करता करता होणारी दमछाक. पण छप्पर चढले, वास्तुशांत झाली की ती संपत असे. मुंबईत आज घर कोणी बांधत नाही, ते विकत घ्यावे लागते. आणि खरी दमछाक सुरू होते ती किल्ली हाती आल्यानंतर. ती पुढे वीस वर्षे पुरते.

घर विकत घेण्याची सवय मुंबईच्या मध्यमवर्गाला तशी फार जुनी नाही. आपल्या आजोबांची पिढी भाड्याच्या खोलीत राहिली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्यांचे भाडे गोठवले आणि डोक्यावरचे छप्पर टिकवले. पण त्याच कायद्यामुळे भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे परवडेनासे झाले, दुरुस्त्या थांबल्या आणि पागडी बोकाळली. एका खोलीत आठ-दहा माणसे राहू लागली. नव्या जोडप्याला दोन घटका बोलायला कोपरा मिळू नये, यातली गंमत आणि व्यथा १९७० साली ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाने दाखवली, तेव्हा प्रेक्षक हसले. कारण ते घरोघरचे चित्र होते.

१९७७ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी ‘घरोंदा’ पडद्यावर आला, फ्लॅटसाठी पै पै साठवणाऱ्या आणि बिल्डरकडून फसवल्या गेलेल्या तरुण जोडप्याची गोष्ट घेऊन. त्याच वर्षी म्हाडा अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली. सामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देता येते, ही कल्पना तेव्हा नवी होती. त्यापूर्वी घर येई ते नोकरीच्या शेवटी. प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या पाटल्या आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा यांची बेरीज करून निवृत्तीच्या सुमारास माणूस डोंबिवलीला किंवा विरारला दोन खोल्या घेई. कर्जामुळे हेच घर तिशीत हाती येऊ लागले. ही सोय लहान नाही. भाड्याच्या घरांची दर अकरा महिन्यांची धास्ती, मुलांच्या शाळा बदलणे, सामानाची ने-आण, या सगळ्यातून तिने हजारो कुटुंबांना सोडवले.

पण या सोयीची दुसरी बाजूही आहे. पूर्वी घराचा निर्णय आयुष्य पाहून झाल्यावर होत असे. आता तो आयुष्य पाहायच्या आधी होतो. मुले किती, आई-वडिलांची दुखणी कोणती, नोकरी टिकणार की जाणार, यातले काहीच ठाऊक नसताना आपण वीस वर्षांच्या कागदावर सही करतो. म्हणून ती सही करण्यापूर्वी थोडे गणित मांडलेले बरे.

साडेबासष्ट लाखांचे घर धरू. मुंबईच्या हद्दीत एवढ्या पैशांत फार काही मिळत नाही, हे वाचकांना सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे येथे पन्नास लाख. उरलेले साडेबारा लाख आपले. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे आणखी पावणेचार लाख. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी, सोसायटीची वर्गणी, रंगकाम, पंखे, दिवे हे वेगळेच. जवळ सतरा-अठरा लाख रोख नसतील तर ते कुठून येतात? बहुधा वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून, नाही तर दुसऱ्या एखाद्या महागड्या कर्जातून.

आता हप्ता. पन्नास लाख, वीस वर्षे, साडेआठ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजाचे आणि मुद्दलाचे फक्त ७,९७४. पाच वर्षांत सव्वीस लाखांहून अधिक भरून झाल्यावरही चव्वेचाळीस लाखांचे कर्ज शिल्लकच असते. वीस वर्षांत एकूण फेड होते ती एक कोटी चार लाखांची. ‘पाच वर्षे झाली, आता निम्मे तरी फिटले असेल’ असा हिशेब पुष्कळ घरांत होतो. तो चुकीचा आहे, हे बँकेचा उतारा पाहिल्यावरच कळते.

त्यातही व्याजाचा दर आपल्या हाती नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि बदलत्या व्याजाची कर्जे त्याच्या मागोमाग वर गेली. साडेसहा टक्के दराने पन्नास लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३७,२७९ रुपये होता. त्याच रकमेवर नऊ टक्क्यांनी नुसते व्याजच महिन्याला ३७,५०० रुपये होते. म्हणजे हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज फिटणे सोडाच, ते वाढत जाईल. अशा वेळी बँका मुदत लांबवत, आणि पन्नाशीला मोकळा होणारा माणूस साठीपर्यंत अडकल्याचे त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, हे ग्राहकाला विचारले पाहिजे. हा अधिकार वापरावा. बँकेतून आलेला निरोप न वाचता बाजूला ठेवणे हीच सर्वांत महाग सवय आहे.

एक उपाय साधा आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांना घेता येत नाही. वर्षाकाठी एक हप्ता जादा भरला, बोनसमधून भरा की दिवाळीची खरेदी आवरून भरा, तर वरच्या उदाहरणात तीन वर्षांहून अधिक काळ वाचतो.

गणित इथे संपते आणि घर सुरू होते. कर्ज किती मिळेल, हे बँक सांगते. कर्ज किती झेपेल, हे तिला सांगता येत नाही. ती पगाराच्या पावत्या पाहते. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन, धाकट्या भावाचे शिक्षण, बाळंतपणानंतर सूनबाईला वर्षभर घरी राहावेसे वाटणे, हे कोणत्याही अर्जात भरायचे नसते. दोघांच्या पगारावर काढलेले कर्ज म्हणजे दोघांपैकी एकालाही थांबायची मुभा नाही, असा त्याचा अर्थ होतो. एकाच पगारात हप्ता आणि किराणा दोन्ही निभावतील का, हा प्रश्न नवरा-बायकोने सहीच्या आधी एकमेकांना विचारायला हवा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवावेत आणि कमावत्या माणसाचा कर्जाएवढा आयुर्विमा उतरवावा. तीन महिने हप्ता थकला की खाते बुडीत धरले जाते आणि २००२च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते.

नावांचेही तसेच. कर्जाच्या कागदावर बायकोची सही आणि करारनाम्यात मात्र एकट्या नवऱ्याचे नाव, अशी घरे कमी नाहीत. फेडीची जबाबदारी दोघांची आणि मालकी एकाची, हे न्यायाचे नाही. वडिलांनी आपली पुंजी घातली असेल तर तीही कागदावर यावी. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्र वेगळे करावे लागते. असे बोलणे घरात अवघड वाटते, परंतु आज टाळलेले बोलणे पुढे भावाभावांत वकिलांमार्फत होते.

‘घरोंदा’तल्या जोडप्याला जे संरक्षण नव्हते, ते आज बरेचसे आहे. मे २०१७ पासून महारेरा काम करते. प्रकल्पाची नोंदणी, चटईक्षेत्र आणि ताबा देण्याची तारीख पाहता येते. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र कायदा तक्रार ऐकतो. भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबाची वर्षे परत देत नाही. ताबा लांबला तर आपण किती दिवस दोन्ही भरू शकू, याचाही अंदाज हवा.

आणि सगळा भार कुटुंबाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. ज्या शहराला परिचारिका, शिक्षक, बसचालक हवे असतात, त्याने त्यांना राहायला जागाही दिली पाहिजे. म्हाडाच्या सोडतीला होणारी गर्दी हे या शहराचे वैभव नव्हे, ती त्याची अडचण आहे. वाजवी आणि खात्रीच्या भाड्याची घरे पुरेशी असती, तर पहिल्याच पगाराबरोबर कर्जाचा विचार करण्याची वेळ तरुणांवर आली नसती. ‘अजून स्वतःचं घर नाही का?’ हा नातेवाइकांचा प्रश्नही थोडा आवरता घ्यायला हवा. भाड्याने राहणारा माणूस काही कमी गृहस्थ नसतो.

घर घ्यावे; जरूर घ्यावे. पण ज्या घराचा हप्ता भरण्यासाठी आई-वडील दोघेही रात्री दहाला परततात आणि मूल शेजारच्या काकूंकडे जेवून झोपी जाते, त्या घरात एक खोली कमी असली असती तर बरे झाले असते का, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. येत्या रविवारी ‘सॅम्पल फ्लॅट’ पाहायला निघण्यापूर्वी तासभर घरातच सगळ्यांनी मिळून बसावे. आजींनाही बोलवावे. जमाखर्चाची वही समोर ठेवावी आणि मग निघावे.