बरी क्लबमधले तीन गोल

‘बायचुंग भुतिया इंग्लंडात फेल गेला,’ असं आमच्या वाड्यावर सर्रास म्हणतात. पुरावा काय, तर बरी क्लबसाठी ३७ लीग सामने आणि ३ गोल. मला हा हिशोबच पटत नाही. १९९९ साली कोलकात्यातलं नाव, गर्दी सगळं सोडून तो इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवर खेळायला गेला. इथला स्टार, तिथे कुणी नाही! गुडघा दुखावला, तरी २००२ पर्यंत तिथेच टिकला. बाकावर बसून जागेची वाट पाहणं गोलांच्या तक्त्यात कुठे दिसतं?

माझा मावसभाऊ स्विंडनला गोदामात राबतो, रविवारी फुटबॉल खेळतो. मावशी फोनवर दरवेळी विचारते, “मोठ्या क्लबात कधी?” हल्ली तो मॅचचं सांगतच नाही.