शाखान्तर आणि शिष्यवृत्ती

वारजे हे एके काळी मुठेकाठचे खेडेगाव होते. आज ते पुणे शहराचे गजबजलेले उपनगर आहे. येथील घराघरांतून बारावीचा निकाल लागताच एकच खल सुरू होतो : पुढे कोठे जावे? सतरा-अठराव्या वर्षी दिलेले हे उत्तर कधी कधी चुकते. वर्षभर अभियांत्रिकी शिकल्यावर एखाद्यास कळून येते की, आपला ओढा निराळ्याच विषयाकडे आहे. मग विद्यापीठ बदलून तो पुन्हा प्रथम वर्षापासून आरंभ करू पाहतो. अशा वेळी त्याची शिष्यवृत्ती त्याच्यामागून जाते काय? हा प्रश्न बहुधा फी भरण्याच्या खिडकीपाशी सुचतो, आणि तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. राज्य सरकारच्या पूर्वसंमतीवाचून विषय किंवा संस्था बदलल्यास ती रद्द होऊ शकते व दिलेली रक्कमही परत मागितली जाऊ शकते, असे कलम तिच्या नियमांत दीर्घकाळ असत आले आहे. बी. ए. झाल्यावर पुन्हा बी. कॉम. करणारासही ती मिळत नसे.

ही अडचण नवी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ साली तेथून लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. द्रव्य मात्र कोणी दिले नाही. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसा शिलकीस टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य झाले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. एवढी जिद्द प्रत्येक मुलापाशी असावी अशी अपेक्षा धरून नियम करणे न्याय्य नव्हे.

२०२१ साली शैक्षणिक श्रेयांक बँकेची योजना झाली. एका विद्यापीठात मिळविलेले श्रेयांक आता दुसरीकडे नेता येतात व ते सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहू शकतात. विद्येस वाट मोकळी झाली. मग द्रव्यासच अडसर का असावा? इंग्लंडात अभ्यासक्रमाच्या वर्षांत एक वर्ष अधिक धरून त्यांतून पूर्वी शिकलेली वर्षे वजा करण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. म्हणजे एका चुकलेल्या वर्षाचा भार सरकार सोशी, पुढचा विद्यार्थ्याने सोसावयाचा. सार्वजनिक पैसा वारंवार मन बदलणारावर उधळू नये, हा आक्षेप खरा आहे. परंतु एक वर्ष म्हणजे उधळपट्टी नव्हे. आपल्याकडेही अशी एक वर्षाची सवलत सर्व शिष्यवृत्त्यांस लागू व्हावी, असे आमचे मत आहे.

तोवर विद्यार्थ्यांनी व पालकांनी सावध असावे. जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वी समाजकल्याण खात्याकडे चालू वर्षाचे नियम विचारावे, संमती लेखी घ्यावी आणि महाडीबीटीवरील जुन्या अर्जाचे काय करावयाचे ते महाविद्यालयाकडून समजून घ्यावे. आणि पालकहो, मुलाने वाट बदलू म्हटल्यास त्यावर रागावू नका. त्याच्यासमवेत बसून प्रथम हिशेब मांडा.